लेबनॉनमधलं टोपी-टॉवेल आणि रुसलेले आबा

लेबनॉनहून परत आल्यापासून अमळनेरच्या स्टँडवर, सलूनमध्ये, अहो मयताला गेलो तरीसुद्धा लोक एकच विचारतात, "गोळीबार झाला का हो?" मी सांगतो, आवाज व्हायचे, आम्ही बंकरमध्ये जाऊन बसायचो, आवाज थांबले की बाहेर येऊन चहा प्यायचो. एवढं ऐकून समोरच्याचं तोंड पडतं. मग मी म्हणतो, माझी खरी लढाई शेवटच्या आठवड्यात झाली आणि ती टोपी-टॉवेलवरून झाली. की लगेच माणूस खुर्ची पुढे ओढतो. टोपी-टॉवेलवरून काय काय होऊ शकतं, हे खान्देशातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या आत्याचे यजमान एका लग्नात टोपी लहान आली म्हणून जे उठून गेले, ते थेट पुढच्या पिढीच्या लग्नात दिसले.

तर आधी थोडं माझ्याविषयी. मी सैन्यात हवालदार, पण जनावरांच्या दवाखान्यातला. डॉक्टरसाहेब सुई टोचतात आणि मी जनावर धरतो. लाथ मलाच बसते. शांतिसेनेत आमची तुकडी दक्षिण लेबनॉनच्या डोंगरात होती आणि आसपासच्या गावांतल्या शेळ्या-मेंढ्यांना, गाढवांना फुकट औषधपाणी करायचं काम आमच्याकडे होतं. वर्ष संपलं, आमची बदली तुकडी यायची झाली, आणि निरोपाचा आठवडा उजाडला. त्या आठवड्याची ही हकिगत.

गाव

गाव डोंगराच्या कुशीत, शेतं पायऱ्यापायऱ्यांची. जिकडे बघावं तिकडे ऑलिव्हची झाडं. झाड आपल्या बोरीएवढं, पान राखाडी, आणि फळ कच्चं चावून बघू नका, मी बघितलंय. दुपारपर्यंत तोंड वाकडं होतं. ऑलिव्ह उतरवायचे दिवस होते, त्यामुळे सगळं गाव झाडाखाली चादरी अंथरून बसलेलं. मागच्या मोठ्या डोंगराच्या टोकावर बर्फाची पहिली रेघ दिसायला लागली होती. मी तिचा फोटो घरी पाठवला तर बायकोनं, मंगलनं, उत्तर पाठवलं, "मीठ सांडेल शे का?"

भाकरी मात्र आपली. म्हणजे खरंच आपली. तिथं उलट्या कढईसारखा तवा चुलीवर ठेवतात आणि त्यावर रुमालाएवढी पातळ रोटी टाकतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ओरडलोच, "अरे, हे तर खापर! हे तर मांडे!" फक्त आत पुरण नाही. पुरण का नाही, हे मी वर्षभर विचारत होतो, कोणाला नीट उत्तर देता आलं नाही.

या गावात माझे एक आबा होते. खरं नाव अबू फरीद, म्हणजे फरीदचा बाप. तिकडं माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं ओळखतात. फरीद परदेशात, म्हातारी आहे, शेळ्या आहेत आणि एक गाढव. त्या गाढवाचं खूर नासलं होतं, ते मी दोन महिने धुऊन-बांधून नीट केलं. तेव्हापासून आबा मला रोज शिव्या द्यायचे. भाषा मला येत नव्हती, पण शिवी कळते. पट्टी सैल बांधली की शिवी, उशिरा आलो की शिवी, कॉफी नको म्हणालो की सगळ्यात मोठी शिवी. वेलदोडा घातलेली ती काळी कॉफी, कप एवढासा, कडू जहर. मी आबांसाठी प्यायलो वर्षभर.

आमच्या दोघांचं बोलणं रीमा करून द्यायची. रीमा आमच्या कॅम्पची दुभाषी, त्याच गावची पोरगी. आधीच्या तुकड्यांकडून हिंदी शिकलेली, त्यामुळे तिच्या हिंदीत पंजाबी, गढवाली सगळंच मिसळलेलं. तिनं ‘आबा’ हा शब्द उचलला आणि अख्खं गाव त्यांना आबा म्हणायला लागलं.

सत्काराचा दिवस

निरोपाचा कार्यक्रम करायचा ठरलं तेव्हा साहेब म्हणाले, "एक मेमेंटो देऊ, फोटो काढू." मी म्हणालो, "साहेब, मेमेंटो कपाटात जातो. आमच्याकडे मान करायचा तर टोपी-टॉवेल-नारळ." साहेब डेहराडूनचे. त्यांना वाटलं मी अंघोळीबद्दल बोलतोय. पण मी मधल्या सुट्टीवर आलो होतो तेव्हाच अमळनेरच्या बाजारातून पांढऱ्या टोप्या आणि टॉवेल बांधून नेले होते. ट्रंक उघडून दाखवली तेव्हा साहेबांनी होकार दिला.

नारळ काही मिळाला नाही. म्हणून डाळिंब. आमचा लांगरी, म्हणजे स्वयंपाकी, सुपडू, रावेरचा, त्यानं बाजारातून टोपलीभर आणली. येताना केळीही बघून आला आणि दिवसभर दुःखी होता. "भाऊ, एवढीशी केळी! आमच्याकडे ढोरंही तोंड लावत नाही," असं तो मला दिवसातून चारदा सांगत होता.

सकाळपासून आबा माझ्याबरोबर. मी त्यांना सांगत होतो, आबा, खुर्च्या तिकडे लावा. आबा, ही सतरंजी धरा. आबा, शेळ्या मंडपात घुसताहेत, हाकला. आबा शिव्या देत देत सगळं करत होते. प्लॅस्टिकच्या पांढऱ्या खुर्च्या, अगदी आपल्या मंडपवाल्याच्याच वाटाव्या अशा. मला क्षणभर वाटलं, मी गावात आहे आणि घरात लग्न आहे.

मग माईक सुपडूच्या हातात. तो असा पुकारा करत होता की जणू रावेरच्या बाजार समितीचा सभापती. मुख्तार, म्हणजे तिकडचा सरपंच, त्यांना टोपी, टॉवेल, डाळिंब. शाळेच्या बाई, चर्चचे पाद्री, मशिदीचे इमाम, दवाखान्याचे डॉक्टर, पिठाच्या गिरणीवाले. सगळे आनंदानं डोकं पुढे करत होते. पाद्रीबाबांना टोपी इतकी शोभली की त्यांनी ती काढलीच नाही. मग जमील खाटीक. जमीलनं टॉवेल खांद्यावर टाकून दोन्ही हात वर केले, लोकांनी शिट्ट्या मारल्या.

आता जमील आणि आबा यांचं बोलणं नाही. आबांच्या अक्रोडाची एक फांदी जमीलच्या भिंतीवर येते एवढंच कारण, पण त्या भांडणाचं वय माझ्यापेक्षा जास्त आहे.

आबा मागे उभे होते, हातात एक खुर्ची. प्रत्येक नावाला मान थोडी उंच व्हायची. जमीलच्या नावाला एकदम ताठ. मग सुपडू म्हणाला, "आता सगळ्यांनी जेवून घ्यावे," आणि माईक बंद. आबांनी हातातली खुर्ची हळूच खाली ठेवली, गाढवाचा दोर सोडला आणि निघून गेले. शिवी न देता गेले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी टोपी ठेवली नव्हती त्यांच्यासाठी. विसरलो नव्हतो, मुद्दाम ठेवली नव्हती. आमच्याकडे टोपी-टॉवेल कोणाला? व्याह्यांना, पाहुण्यांना, गावातल्या मोठ्या माणसांना. सख्ख्या भावाला कोणी टोपी घालतं का? तो बिचारा घामाघूम होऊन वाढप्यांवर ओरडत असतो, शेवटच्या पंगतीला बसतो आणि त्याला उरलेली बुंदी मिळते. कारण तो घरचा. मी आबांना सकाळपासून खुर्च्या उचलायला लावल्या होत्या, आणखी काय मान करू माणसाचा?

बंद दार

दुसऱ्या दिवशी गाढवाचं खूर शेवटचं तपासायला गेलो. दार बंद. म्हातारीनं खिडकीतून बघितलं, आत काहीतरी बोलली, आतून खोकल्याचा आवाज आला, खिडकीही बंद. गाढवानंसुद्धा माझ्याकडे पाठ केली. दोन महिने मी त्याचं खूर मांडीवर घेऊन बसलो होतो, त्याला तरी काही वाटायला हवं होतं की नाही!

रीमाला विचारलं तर ती म्हणाली, "गावात सगळ्यांना माहीत आहे. तुम्हालाच माहीत नाही. आबा म्हणतात, वर्षभर मी त्याला मुलगा समजलो आणि त्यानं मला नोकर समजलं. कसायाला टोपी दिली आणि मला खुर्ची."

परवा सकाळी आमची गाडी. पुन्हा काही मी या डोंगरात येणार नव्हतो, आणि आबांचं वय बघता, पुढचं बोलत नाही. मी त्यांना नोकर समजलो असंच आबा धरून बसले, तर मी गावाकडे कोणत्या तोंडानं जाऊ?

पहिला उपाय सोपा वाटला. एक टोपी न्यायची आणि घालायची. ट्रंक उघडली तर रिकामी. सुपडूनं उरलेली टोपी कॅम्पच्या न्हाव्याला दिली होती, "त्यालेही मान पाहिजे ना भाऊ!" म्हणून. मग मी जमीलकडे गेलो. त्यानं टोपी घालूनच मटण तोडायला घेतलेलं. रीमामार्फत विनंती केली, एक दिवसासाठी टोपी द्या. जमीलनं सुरा खाली ठेवला, टोपीला दोन्ही हातांनी धरलं आणि विचारलं, "कोणासाठी?" रीमा खोटं बोलायला शिकलेली नाही. तिनं सांगितलं. जमील इतका हसला की त्याला बसावं लागलं. टोपी काही दिली नाही. टॉवेल मागावा म्हटलं तर तो शेळीनं अर्धा खाल्लेला.

संध्याकाळी घरी फोन लावला. मंगलला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती तरी म्हणेल, बरोबर केलं तुम्ही, घरच्याला कुठं टोपी देतात. ती मात्र सुरू झाली.

"तुम्हले अक्कल शे का नही? आपली रीत आपलाले म्हाइत. तो म्हतारा माणूस, त्याले काय मालूम? त्याले सांगं का तुम्ही, का तू घरना शे म्हनीसन?"

"सांगायचं असतं का ते? कळतं माणसाला."

"मले बी कळनं नव्हतं," मंगल म्हणाली. "लगीन व्हईसन पाच वरीस मी बी रडी रडी बठ्ठास्नी ताटं उचल्यात. मंग कळनं." मग तिनं आवाज खाली आणला. "रुसेल माणूस टोपी घालीसन येत नही. जेवाले बलावा. भरीत करा."

पाच वर्षं रडत होती, हे मला त्या दिवशी लेबनॉनमध्ये बसून कळलं. मी एवढंच विचारलं, वांगी किती घेऊ.

धूर

आपलं भरिताचं वांगं हिरवं, पांढऱ्या रेघांचं, तान्ह्या पोराएवढं. तिकडचं काळं-जांभळं आणि सडपातळ. सुपडूनं हातात घेऊन नाक मुरडलं. त्यात जाळायला तुराट्या नाहीत, कपाशीच्या पऱ्हाट्या नाहीत. मग ऑलिव्हच्या छाटलेल्या फांद्या घेतल्या. आबांच्या शेताच्या बांधावर, त्यांच्या दारातून दिसेल अशा जागी, आम्ही जाळ केला. फांद्या ओल्या निघाल्या. जो काही धूर उठला म्हणता! डोंगर दिसेना, झाडं दिसेनात, मला सुपडू दिसेना, नुसता त्याचा खोकला ऐकू येत होता.

वरच्या चौकीवरून कोणीतरी वायरलेसवर सांगितलं की अमुक ठिकाणी संशयास्पद धूर. मग साहेबांची गाडी आली, मागे आणखी एक. साहेब हेल्मेट घालून उतरले. "हवालदार, क्या जल रहा है?"

"बैंगन, साहेब."

साहेबांनी हेल्मेट काढलं आणि दगडावर बसले. वायरलेसवर म्हणाले, सगळं ठीक आहे, आणि बैंगनचा उल्लेख केला नाही. मोठा माणूस.

आणि तेवढ्यात धुरातून शिव्या ऐकू आल्या. मला इतका आनंद झाला की काय सांगू. आबा! हातात काठी, मागे म्हातारी, तिच्या मागे गाढव. रीमा भाषांतर करायला लागली तर मी म्हणालो राहू दे, कळतंय. जाळ असा करतात का, फांद्या ओल्या, वांगी आत टाकलीत की बाहेर, तुला कोणी शिकवलं. त्यांनी काठीनं निखारे पसरले, सगळी वांगी ओळीनं मांडली आणि माझ्या हातावर एक चापट मारली. धूर बसला. वांग्याचा वास सुटला. त्या वासात मला आमच्या शेतातली पंगत दिसायला लागली.

सोलल्यावर भांडण सुरू झालं. सुपडू म्हणाला, आता हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि दणादण कुटायचं. आबा म्हणाले, मिरची कशाला? तिळाचं वाटण, लिंबू, वरून तेल. ही आमची वस्तू आहे, हजार वर्षांची. सुपडू म्हणाला, "आबा, भरीत जळगावचं आहे, जग मानतं." शेवटी दोन परातींत दोन प्रकार झाले. आबांनी आमचं भरीत एक घास खाल्लं. रंग बदलला, डोळे भरले, शब्द फुटेना. म्हातारीनं पाण्याचा तांब्या दिला. आम्हाला वाटलं, गेले आबा. पण त्यांनी पाणी पिऊन पुन्हा घास घेतला, मग आणखी एक. डोळ्यांतून धारा आणि हात परातीत.

मी रीमाला म्हणालो, आता सांग. आमच्याकडे टोपी-टॉवेल बाहेरच्याला देतात. घरचा माणूस खुर्च्या उचलतो. त्याला कोणी धन्यवाद म्हणत नाही, तो शेवटी जेवतो आणि सगळ्यात जास्त ओरडा खातो. मी तुम्हाला टोपी दिली असती तर तुम्ही पाहुणे झाला असता. माझे वडील असते तर त्यांनीही त्या दिवशी खुर्च्याच लावल्या असत्या.

रीमा बराच वेळ सांगत होती. आबा खाली बघत होते. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे जमील बाहेरचा?"

"बाहेरचा."

"पूर्ण बाहेरचा?"

"पूर्ण, आबा."

"पुन्हा सांग," आबा म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लावलं तेव्हा मात्र म्हातारीच हसली. आबा हसले नाहीत. उठले, काठी घेतली आणि घरी गेले. पटलं की नाही, काही कळायला मार्ग नाही. साहेबांनी दोन्ही पराती पुसून खाल्ल्या.

गाडी

निघायच्या सकाळी गाव आलं होतं. पांढऱ्या टोप्याच टोप्या. लांबून वाटावं की मारवडच्या यात्रेला आलोय. जमील तर टोपी नीळ घालून धुऊन आला होता.

सगळ्यात शेवटी आबा आले. गाढवाच्या दोन्ही बाजूंना टोपल्या, त्यांत खोक्यांमध्ये भरलेल्या तेलाच्या बाटल्या. नवीन ऑलिव्हचं तेल, हिरवंगार. आमची सगळी तुकडी रांगेत उभी राहिली. आबा प्रत्येकासमोर थांबायचे, खांद्यावर हात ठेवायचे, गालाला गाल लावायचे आणि बाटली द्यायचे. साहेबांना दोन. सुपडूला बाटली आणि वर हिरव्या मिरच्यांची जुडी, मला वाटतं टोमणा असावा. न्हाव्याला बाटली. ज्या ड्रायव्हरनं आबांना कधी पाहिलं नव्हतं त्यालाही बाटली.

मी रांगेत शेवटी. हात थोडे पुढे करून उभा. आबा माझ्यासमोर आले, टोपलीत हात घातला, टोपली रिकामी. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि जोरात शिवी दिली. मग गाढवाचा दोर माझ्या हातात कोंबला.

रीमा म्हणाली, "आबा विचारतात, तू रांगेत कशाला उभा आहेस? तिथे पाहुणे उभे राहतात. गाढव धर. टोपल्या सोड. एवढी सगळी मोकळी खोकी पडली आहेत, ती कोण उचलणार, जमील?"

मी गाढव धरलं. टोपल्या सोडल्या, खोकी एकात एक घातली, दोरीनं बांधली. आबा बाजूला उभं राहून ओरडत होते, गाठ सैल आहे, नीट बांध. मला गाठ दिसत नव्हती. रडत होतो हो मी, सगळ्या तुकडीसमोर, हवालदार माणूस. आबांनी ती गाठ स्वतः सोडली आणि स्वतः बांधली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर असा धपाटा घातला की विमानात बसेपर्यंत दुखत होतं.

गाव, आपलं

मी परत आल्यावर गावानं माझा सत्कार ठेवला. मारुतीच्या पारासमोर मंडप, माईक, सरपंच, आणि माझ्या डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ. टाळ्या झाल्या. सगळे चांगलंच बोलत होते. पण मला स्टेजवर बसून कसंतरीच व्हायला लागलं. वाटलं, एका वर्षात मी इथला पाहुणा झालो की काय?

भाषणं संपली आणि मागून थोरल्या भावाची हाक आली, "बठ्ठं काम पडेल शे नी तू काय बठी राह्यना? ऊठ, खुर्च्या उचल!"

मी असा उठलो की नारळ खाली गडगडला. चार-चार खुर्च्या एकात एक घालत होतो, तेवढ्यात खिशात फोन वाजला. रीमाच्या फोनवरून आबांचा व्हिडिओ कॉल. आबांनी डोळे बारीक करून बघितलं. माझ्या डोक्यावरची टोपी दिसली, टॉवेल दिसला, आणि म्हाताऱ्याचा चेहरा पडला. ते काहीतरी हळू आवाजात बोलले. रीमा म्हणाली, "आबा विचारतात, तुझ्याच गावानं तुला असं का केलं?"

मी फोन वळवला आणि त्यांना खुर्च्या दाखवल्या. थप्पीच्या थप्पी. त्यांच्या मागे उभा राहून माझा भाऊ ओरडत होता, तोही दाखवला.

तेव्हा कुठे आबांनी शिवी दिली.